एका टिंबाचा फरक

वहीवर विश्वास ठेवायचा, तर या गावात माणसं दोनच कारणांनी मरत. केस पिकलेले असले तर म्हातारपणानं, काळे असले तर हृदय बंद पडून. विहिरीत पडलेला गवंडीसुद्धा हृदय बंद पडूनच गेला होता. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा; मेल्यावर कुणाचं चालू राहतं?

वही लिहिणारा कारकून सज्जन होता. अक्षर मोत्यासारखं. माणूस कसाही तडफडून मेलेला असो, कारकुनाच्या वहीत तो ओळीवर, काना-मात्रेसकट, नीट झोपलेला दिसायचा. नातेवाईक दाखला हातात धरून म्हणत, "छान आलाय." कारण विचारायची त्याची एक पद्धत होती. विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत आपणच सुचवायचं. "काय झालं होतं, ताप?" दुःखातल्या माणसाला तेवढाच आधार. तो "हं" म्हणायचा. रांग पुढं सरकायची. त्यातून कुणाचं वाईट झालं असं कुणाच्या कानावर नव्हतं. ज्यांचं झालं असेल ते सांगायला उरले नव्हते.

अलीकडे मात्र वहीत तिसरं कारण शिरलं होतं. अर्धांगवायू. त्यातली काही माणसं खरोखर अंथरुणाला लुळी पडून गेली होती. एक बाई तशी गेली नव्हती. पण वहीवरून तक्ता होतो, आणि तक्त्याला माणूस कळत नाही, आकडा कळतो. तक्ता वर गेला, वरच्यांनी तो वाचला, आणि एक दिवस नदीकाठच्या वीटभट्टीवर रक्तदाब मोजायचं यंत्र आलं.

ते आलं तेव्हा भट्टीवरच्या घराला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि तरी सगळी मान वर करूनच काम करत होती. आभाळानं छळ मांडला होता. दुपार कलली की पश्चिमेला काळं व्हायचं, वारा सुटायचा, चार टपोरे थेंब टाकून धमकी द्यायचं आणि निघून जायचं. रोज. एकदाचं कोसळलं असतं तर सगळी एकदाच रडून मोकळी झाली असती. तसं होत नव्हतं. कच्ची वीट म्हणजे वाळलेला चिखल. पाणी दिसलं की ती माहेरी निघते. म्हणून रोज थापायचं, रोज झाकायचं, रोज उघडायचं. हातांना काम आणि पायांना धाव.

म्हातारा चिखल तुडवायचा. थोरला मुलगा साचा भरायचा. चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उचलून असा आपटायचा की साच्याचे कोपरे आपोआप भरावेत, मग वरचा चिखल काठीनं निरपायचा. धाकटा गाडा ओढायचा. म्हातारी सुकलेल्या विटा कडेवर उभ्या करत ओळीओळीनं सरकायची. धाकटी सून दिवस भरत आलेली, म्हणून तिला सावलीतलं काम दिलं होतं: रिकाम्या साच्यांना राख लावायची. थोरल्याची लेक तिच्याजवळच राखेत खेळायची. ती पोर जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली होती, आणि तेव्हापासून ती धाकटीलाच आई म्हणत होती. थोरली सून हा घरातला न बोलायचा विषय होता.

न बोलणं या घराला तसं जमणारं नव्हतं. म्हाताऱ्याला सगळी भट्टी रेडिओ म्हणायची. बटण नसलेला रेडिओ. पाय चिखलात चालत आणि तोंड त्यांच्या पुढं.

"आलं, आलं!" धाकटा ओरडला. वारा सुटला. साचे टाकून सगळी धावली. ताडपत्री ओढली, तिच्या कडांवर विटा ठेवल्या. पलीकडच्या ओळींवर गोणपाटं टाकायची, तर ती अर्ध्यातच संपली.

"एवढी गोणपाटं होती आपल्याकडं," धाकटा म्हणाला. "ढीग होता. गेली कुठं?"

"गेली," म्हातारी म्हणाली.

"गेली म्हणजे? गोणपाटाला पाय फुटतात का?"

"तू दगड ठेव त्या टोकाला. फार प्रश्न पडतात तुला."

म्हातारा घाईघाईनं वाऱ्याबद्दल बोलू लागला, की हा वारा खालचा नसून वरचा आहे आणि वरचा वारा नुसता तोंडाळ असतो. थोरल्यानं अंगातला सदरा काढला आणि उघड्या ओळीवर टाकला. तेवढ्यानं दोन विटा झाकल्या असतील.

चार थेंब पडले. थांबले. त्याच वेळी बांधावरून नर्सबाई आणि तिच्यामागं पेटी घेतलेला एक तरुण साहेब येताना दिसले.

साहेबानं म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबला.

"हात ढिला सोडा, बाबा."

"साहेब, हा हात जन्मात ढिला सुटलेला नाही. त्याला माहीत नाही कसं करायचं ते."

"थोडा वाढलेला आहे. मीठ कमी करा."

"दिवसभर अंगातून जेवढं गळतं तेवढंच परत घालतो हो. वरकड एक खडा नाही."

साहेब हसला. भला मुलगा होता. "थट्टा नाही, बाबा. तुमच्या घरात एक अर्धांगवायूचा मृत्यू आहे. घराण्यात असतं हे. म्हणून आम्ही मुद्दाम इथं आलो."

"कुणाचा?" धाकटीनं सावलीतून विचारलं.

साहेबानं कागद चाळला. "थोरली सून. वय..." वय वाचून तो स्वतःच थबकला. "बरंच कमी वय होतं."

रेडिओ बंद पडला. म्हाताऱ्यानं पट्टा सोडायची वाट न बघता हात ओढून घेतला आणि चिखलात जाऊन उभा राहिला. म्हातारी विटा उभ्या करू लागली, ज्या तिनं मघाशीच उभ्या केल्या होत्या.

धाकटीनं राखेचे हात लुगड्याला पुसले आणि नर्सबाईला पाणी द्यायच्या निमित्तानं छपराआड नेलं.

"बाई, हे अर्धांग कुठून काढलं? जाऊबाईला तर पोर झाल्यावर अंगावरून गेलं. वार पडलीच नाही. थांबेचना. मी होते ना तिथं. नवी नवरी होते. मला बाहेर पाठवत होते आणि पुन्हा आत बोलवत होते."

नर्सबाई इथं नवीन आली होती, हे मरण तिच्या आधीचं. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. "म्हणजे बाळंतपणातलं मरण?"

"मग काय सांगते?"

"कागदावर या गावात बाळंतपणात कुणीच मेलेलं नाही." नर्सबाईनं तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं, चला, चांगलं गाव मिळालं. अगं, त्याच कागदावरून ठरलंय सगळं. आपल्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद होतेय. खाट, सामान, गाडी, सगळं नदीपलीकडं जातंय. तिकडं दोन बाळंतिणी गेल्या, तिथं गरज आहे म्हणतात. इथं रक्तदाबाचं यंत्र देणार."

धाकटीनं आपल्या पोटाकडं पाहिलं. मग नदीकडं. पलीकडं जायचा पूल भट्टीवरून दिसत नव्हता, इतका तो लांब होता.

"कधी?"

"महिनाअखेरीचा तक्ता गेला की. त्याच्या आत ती नोंद दुरुस्त झाली तर मी वर भांडू शकते. नुसत्या माझ्या तोंडावर कोण ठेवेल विश्वास?"

दुसऱ्याच दिवशी धाकटी कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहिली. घरात सांगितलं होतं, दवाखान्यात जाऊन येते. ते अगदीच खोटं नव्हतं. कचेरी त्याच रस्त्यावर होती.

कारकुनानं वही काढली, पान शोधलं, पट्टी ओळीखाली ठेवली. "मी माझ्या मनचं काही लिहीत नाही, वहिनी. तुमच्या सासऱ्यांनीच खबर दिली."

"काय म्हणाले होते मामंजी?"

"म्हणाले, अंगावरून गेलं. मग म्हणाले, वार... आणि थांबले. मागं रांग होती. मी विचारलं, वारं? अंगावरून वारं गेलं का? ते हं म्हणाले. अंगावरून वारं जाणं म्हणजेच अर्धांगवायू. मी शुद्ध भाषेत लिहिलं."

धाकटीला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. "भाऊसाहेब, एक टिंब तुम्ही पदरचं घातलंत."

"टिंब?"

"ते वारं नाही, वार म्हणत होते. पोरामागून पडते ती. तुमचं लग्न झालंय ना?"

कारकुनाचे कान लाल झाले. त्यानं पट्टी उचलून सरळ केली. ती सरळच होती. "झालंय. दोन मुलं आहेत."

"ती कशी झाली ते घरी विचारा एकदा. आणि हे बदला."

"खोडता येत नाही. मूळ नोंद तशीच राहते, दुरुस्ती बाजूला समासात लिहायची. आणि ज्यानं खबर दिली त्यानंच येऊन सांगायला हवं. सोबत मयताचा नवरा." तो जरा घुटमळला. "तुमच्या सांगण्यावर नाही चालायचं, वहिनी. तुम्ही मयताच्या कोण?"

"जाऊ."

"जाऊ चालत नाही," कारकून म्हणाला, आणि हे वाक्य कानाला कसं लागलं ते कळून त्यानं वही मिटली.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय ताटांच्या मधोमध ठेवला. आडपडदा ठेवून या घरात काही पोचत नाही, हे तिला एवढ्या दिवसांत कळलं होतं. कुणाचा घास हातात, कुणाचा तोंडात राहिला.

"सासऱ्यानं सुनेचं अंग बोलायचं?" म्हातारी म्हणाली. "चार पुरुषांत? अगं, काही जनाची मनाची?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, आत्याबाई."

"माहीत असणं वेगळं, बोलणं वेगळं. आणि उद्या कुणी विचारलं, वेळेवर दवाखान्यात का नाही नेली, तर? कुणाचं नाव येईल? जवळ कोण होतं? मीच ना? चार पोरं मी याच घरात, याच खाटेवर... तेव्हा नाही कुणी मेलं." तिनं पोरीच्या ताटात भात वाढला. तो आधीच भरपूर होता.

"झालं ते झालं," धाकटीचा नवरा म्हणाला. "वहिनी काय समासातून उठून येणार आहे?"

"वहिनी नाही येणार. मी जाणार आहे त्या वहीत." धाकटीचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "पलीकडच्या तीरावर जाईपर्यंत मी टिकले नाही तर भाऊसाहेब माझं काय लिहितील ते तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. वारं लिहायचं की हृदय? माझे केस काळे आहेत. हृदयच बसेल."

थोरला उठला. ताटातलं अन्न तसंच होतं. हात धुऊन तो बाहेर गेला, आणि बराच वेळ ओट्यावरून रिकामा साचा दगडावर आपटून वाळलेला चिखल झाडत असल्याचा आवाज येत राहिला. साचा केव्हाच स्वच्छ झाला असणार.

म्हातारा म्हणाला, "उद्या वारा पालटेल असं वाटतंय."

पुढचे दिवस तो सुनेला टाळू लागला. ते सोपं नव्हतं. भट्टी चार पावलांची आणि ती राखेचे साचे घेऊन मुद्दाम त्याच्याच कडेला बसायची. तो मातीबद्दल बोले, कोळशाबद्दल बोले, शेजारच्या भट्टीवाल्याच्या वाकड्या चिमणीबद्दल बोले. चिखल तुडवताना पूर्वी तो एका लयीत गोल फिरायचा; आता मध्येच उलटा फिरे, थांबे, आभाळाकडं बघे. विटांत खडे राहू लागले. थोरला खडा दिसला की बोटानं काढून बाजूला ठेवायचा, बापाकडं न बघता.

"मामंजी," एकदा धाकटी म्हणाली, "आपली गाय व्याली तेव्हा ढोरांच्या डॉक्टरला तुम्हीच आणलंत ना?"

"मग? पळत गेलो. मोठा बाका प्रसंग होता." रेडिओला स्टेशन सापडलं. "म्हटलं, डॉक्टर, असाल तसे उठा. वासरू झालंय पण वार पडली नाही, अर्धी लोंबतेय, रक्त चालूच आहे, काळं पडतंय, गाय पाय झाडतेय..."

तो थांबला. पाय चिखलात रुतलेले.

"तिथं बरी जीभ अडली नाही," धाकटी म्हणाली.

"ती गाय आहे गं."

"मग मला गाय समजा."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या पायाभोवतीचा चिखल हळूहळू त्याच्या घोट्यांवर चढत होता. "तसं नसतं, पोरी," तो म्हणाला. "गाय नंतर बघत नाही आपल्याकडं." मग तो चिखलातून बाहेर आला आणि पाय न धुताच नदीकडं निघून गेला. त्या दुपारी रेडिओ पुन्हा लागला नाही, आणि गंमत अशी की त्याच्या बडबडीला कंटाळलेली सगळी भट्टी त्या शांततेनं जास्तच बेचैन झाली. शेजारच्या भट्टीवरून एक जण विचारायला आला, म्हातारा बरा आहे ना?

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तोच काळा. आज धमकी नव्हती. आज तो येणार होता, हे कुत्र्यालाही कळत होतं. म्हातारीनं सगळ्यांना पहाटेच उठवलं. थापायचं बंद, फक्त झाकायचं. आणि म्हातारा हौदापाशी बसून दगडानं टाचा घासत होता. टाचांतला चिखल जायला वेळ लागतो. मग त्यानं धुतलेला सदरा घातला.

"चल रे," तो थोरल्याला म्हणाला.

"अहो, विटा!" म्हातारी ओरडली. "आज? आज कुठं निघालात?"

"झाक तू."

"कशानं झाकू, माझ्या पदरानं?"

"दोघं आहेत ना मदतीला." आणि तो निघालासुद्धा. थोरला हातातली ताडपत्री धाकट्याकडं देऊन मागोमाग गेला. जिंकल्यासारखं धाकटीला वाटलं असेल असं कुणाला वाटेल. तिला वाटलं नाही. तिनं दोरीचं टोक उचललं आणि पोट सांभाळत ओळींकडं गेली.

कचेरीत रांग होती. बाहेरून थेंबांचा आवाज सुरू झाला तसे रांगेतले लोक आत सरकून टेबलाला चिकटले. कारकुनानं म्हाताऱ्याला ओळखलं, वही काढली, पान उघडलं, दौत नसूनही सवयीनं टाक झटकावा तसं पेन झटकलं.

"सांगा. काय झालं होतं? ताप..." त्यानं आपलाच ओठ चावला. "नाही. तुम्हीच सांगा."

आणि तो गप्प बसला. ती त्याच्या नोकरीतली पहिली शांतता असावी. म्हाताऱ्यानं वाट बघितली, की हा काहीतरी सुचवेल आणि आपण हं म्हणू. कारकून काहीच सुचवेना. म्हातारा म्हणाला, "पाऊस लागला वाटतं." कारकून गप्प. "तुमच्याकडं गळतं का हो?" कारकून गप्प. मागचा माणूस खाकरला. थोरला बापाच्या खांद्यामागं उभा होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"रक्त गेलं," म्हातारा म्हणाला. खाली बघून म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोर चांगली झाली. रडली. वार पडली नाही, मग रक्त सुरू झालं. सुनेच्या अंगावरून. लुगडी संपली, गोधड्या संपल्या. मग विटांवरची गोणपाटं आणली. एकेक घालायचं, काढायचं."

"किती?" कारकुनानं विचारलं. त्याला वहीसाठी हवं होतं की नुसतंच, ते सांगता येत नाही.

"होती तेवढी. नंतर धुवायला घेतली तर नदी... म्हणून मग भट्टीत घातली सगळी. त्या खेपेच्या विटा चांगल्या निघाल्या. कुणाच्या तरी घराला लागल्यात."

रांगेतल्या कुणीच पाय बदलला नाही. कारकुनानं समासात लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," म्हातारा म्हणाला. "एक राहिलं."

"कारण मिळालं, बाबा. तेवढं पुरे."

"मी गेलो होतो गाडी बोलवायला." आता तो वर बघत होता, पण कारकुनाकडं नाही, भिंतीवरच्या ओल्या डागाकडं. "घरातला फोन बंद होता, म्हणून पळत गेलो. गाडीवाला जेवत होता. चार माणसं पंगतीला होती. तो म्हणाला, काय झालंय, बाबा? आणि मी म्हणालो... मी म्हणालो, सुनेला जरा बरं नाही. तो म्हणाला, बसा, जेवून येतो. मी बसलो. त्यानं मला पाणीसुद्धा दिलं. मी प्यालो."

थोरल्याच्या श्वासाचा आवाज थांबला.

"हे वहीत येत नाही, बाबा," कारकून हळूच म्हणाला.

"येत नाही म्हणून तर सांगतो."

कारकुनानं लिहिलं. समास अरुंद होता. त्याचं मोत्यासारखं अक्षर पहिल्यांदाच एकमेकांवर चढलं. मग त्यानं वही फिरवून थोरल्यापुढं केली. थोरल्याला सही येत होती. त्यानं पेन हातात घेतलं, समासातली ओळ बोट ठेवून वाचली.

"प्रसूतीनंतरचा रक्तस्राव," तो म्हणाला. आपल्या बायकोबद्दल त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून आलेले हे पहिलेच शब्द, आणि तेही कारकुनाचे. त्यानं सही केली आणि बापासाठी न थांबता पावसात निघून गेला.

म्हातारा मागून गेला तेव्हा रस्ता दिसत नव्हता. थोरला पुढं, बराच पुढं. नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. तिथं थोरला थांबला होता. बाप जवळ आला तसं त्यानं न बघता मागं हात केला. म्हाताऱ्यानं तो धरला, दोघं पार झाले, आणि पलीकडं गेल्यावर थोरल्यानं हात सोडवून घेतला.

भट्टीवर निम्म्या विटा माहेरी गेल्या होत्या. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उचलत होतं म्हणून म्हातारी स्वतः त्यावर बसली होती, डोक्यावर घमेलं घेऊन.

"काय सांगितलंत?" तिनं घमेल्याखालून विचारलं.

"सगळं."

"माझं नाव?"

"तुझं नाही लागलं. माझंच पुरलं."

म्हातारी थोडी बाजूला सरकली. म्हातारा ताडपत्रीवर तिच्याशेजारी जाऊन बसला; दोघांच्या वजनानं टोक हलायचं थांबलं.

काही दिवसांनी नर्सबाई सांगत आली. गाडी आणि खोली पुढचा तक्ता होईपर्यंत इथंच राहणार. "पुढचं पुढं," ती म्हणाली. "पण भाऊसाहेबांना काय झालंय? परवा एका म्हाताऱ्याची नोंद करायला तासभर लावला म्हणे. विचारतात आणि नुसते बघत बसतात. लोक वैतागलेत."

घरात मात्र ऊन पडून वाळत काहीच नव्हतं. थोरला बापाशी कामापुरतंसुद्धा बोलेना. पाणी हवं तर "पाणी" म्हणायचा, हवेला उद्देशून. म्हातारा चिखल तुडवी, थोरला साचा भरी. मधल्या दोन हातांच्या जागेतून धाकटी साचे घेऊन जायची तेव्हा तिला अंग चोरून जावं लागे. म्हाताऱ्याचं बोलणं परतलं होतं, पण वाक्यं आता अर्ध्यावर संपत. प्रत्येकाचा एक कान आभाळाकडं आणि दुसरा धाकटीच्या पावलांकडं.

त्या सकाळी ती साचा उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. पायाखालची राख ओली झाली होती.

म्हातारी धावली. धाकटा गाडा तिथंच सोडून आला, गाडा आपल्या आपण थोडा पुढं गेला आणि विटांच्या ओळीवर चढला; कुणी बघितलं नाही. थोरल्यानं चिखलाचे हात मांडीवर पुसले, खिशातला फोन काढला, दवाखान्याच्या गाडीचा नंबर लावला. पलीकडं घंटा वाजू लागली. त्यानं फोन कानाला लावला, काढला, आणि चिखलात उभ्या असलेल्या बापापुढं धरला.

"तुम्ही बोला."

म्हाताऱ्यानं फोन घेतला. हात ओला, फोन निसटत होता.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण? काय झालंय?"

शेजारच्या भट्टीवरची माणसं मान वळवून बघत होती. म्हातारीनं सवयीनं पदर पुढं ओढला.

"भट्टीवरून बोलतोय!" म्हातारा ओरडला, इतका की फोनची गरज नव्हती. "धाकट्या सुनेचं पाणी गेलंय अंगावरून! पाणी! पाण्यातलं पा! वारं नव्हे! कळा सुरू झाल्यात, दिवस भरलेत, आमच्या घरात आधीची एक याच्यातच गेलीय, रक्त जाऊन गेलीय, तू जेवत असशील तर ताट घेऊन बस गाडीत, तिथंच जेव, मी भरवतो तुला, पण नीघ..."

थोरला बापाकडं बघत होता. धाकटी सासूच्या आणि नवऱ्याच्या आधारानं छपराच्या खांबाला टेकली होती, दातांत पदर, आणि कळ ओसरली त्या मधल्या वेळात ती चक्क हसत होती.

"...रक्त अजून नाही, पण जाईल तर सांगतो, वार पडली की नाही तेही सांगतो, पोटाचा आकार सांगू का..."

नदीच्या वळणावर धूळ उठली आणि गाडी दिसली. म्हातारा सांगतच होता. पलीकडून फोन केव्हाच बंद झालेला होता.